यार्नवरची अँटी डम्पिंग ड्युटी: सुरतेतलं भांडण कोर्टात का जातं?

सुरत : लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत फिरताना मराठी आणि अहिराणी कानावर पडतेच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून उधना-जळगाव रेल्वेने आलेली कुटुंबं इथे दोन-तीन पिढ्यांपासून लूमच्या खात्यात, प्रोसेस मिलमध्ये, एम्ब्रॉयडरी मशीनवर काम करतात. काहींनी पुढे स्वतःचे मागही टाकले. अलीकडे तर सीमेच्या अलीकडे, नवापूरच्या एमआयडीसीत, सुरतेच्या काही कापडवाल्यांनी कारखाने आणले. लूमवरची मजुरी मीटरवर ठरते. माग चालला तर पैसे, थांबला तर नाही. त्यामुळे यार्नचा भाव हलवणारा दिल्लीतला एखादा कागद या वस्त्यांत आठवडाभरात जाणवतो.

अँटी डम्पिंग ड्युटीची अधिसूचना हा असाच कागद. बातम्यांत तो बहुतेक वेळा ‘चीनला दणका’ या मथळ्याखाली येतो. सुरतेत मात्र मामला एवढा सरळ नाही. इथे एका बाजूला यार्न किंवा त्याचा कच्चा माल बनवणारी कंपनी असते आणि दुसऱ्या बाजूला तेच यार्न विकत घेऊन कापड विणणारा. दोघंही भारतीय. हजिऱ्याचे पेट्रोकेमिकल कारखाने आणि पांडेसऱ्याचे माग एकाच शहराच्या परिघात आहेत. ड्युटी लागली की पहिला सुटकेचा श्वास टाकतो, दुसरा डोक्याला हात लावतो. हा वाद कोर्टात गेला की तिथे ‘परदेशी माल स्वस्तात आला का’ यावर कमीच बोललं जातं. भांडण असतं ते तारखेचं, सुनावणीचं आणि सरकारने कारण दिलं की नाही याचं.

आधी ड्युटी म्हणजे काय ते पाहू

स्वस्त माल म्हणजे डम्पिंग नव्हे. परदेशी कंपनी स्वतःच्या देशात एखादा माल ज्या भावाने विकते, त्यापेक्षा कमी भावाने तो भारतात पाठवत असेल, तर त्याला डम्पिंग म्हणतात. तेवढ्यानेही ड्युटी लागत नाही. इथल्या उद्योगाचं नुकसान झालं हे दाखवावं लागतं, आणि ते नुकसान त्या आयातीमुळेच झालं, हेही. भावातला फरक निर्यात किमतीच्या २ टक्क्यांहून कमी असेल किंवा त्या देशाचा आयातीतला वाटा साधारण ३ टक्क्यांच्या खाली असेल, तर प्रकरण तिथेच संपतं.

हे सगळं सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या कलम ९ए, ९बी, ९सी आणि १९९५ च्या नियमांत आहे. चौकशी करतं वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर (२०१८ पूर्वी नाव वेगळं होतं). पण डीजीटीआर फक्त शिफारस करतं. ड्युटी लावायची की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवतं, शिफारशीनंतर तीन महिन्यांत. लागलेली ड्युटी साधारण पाच वर्षं चालते.

कामाला एक खातं आणि निर्णयाला दुसरं, ही रचना लक्षात ठेवायला हवी. अर्धे खटले या दोन टेबलांच्या मधल्या जागेतून जन्मले आहेत.

पीटीएची गोष्ट

सुरतेचं कापड मुख्यतः पॉलिस्टरचं. पॉलिस्टर तयार होतं पीटीए नावाची पांढरी पावडर आणि एमईजी नावाचं रसायन यांपासून. त्यातून चिप्स, चिप्समधून पीओवाय यार्न, ते टेक्स्चराइज करून डीटीवाय, मग बीम, माग, ग्रे कापड, प्रोसेस मिल, आणि शेवटी रिंग रोडचं मार्केट. एक किलो पॉलिस्टरला सुमारे ८६० ग्रॅम पीटीए लागतं. देशात पीटीए बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली सर्वांत मोठी रिलायन्स. तिचा एक कारखाना हजिऱ्यालाच आहे. विणकर मात्र हजारो.

समजा पीटीएवर टनाला ५० डॉलर ड्युटी लागली आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला. पॉलिस्टरच्या किलोमागे हा बोजा साडेतीन रुपयांच्या वर जातो. शंभर ग्रॅम वजनाच्या एका मीटर कापडाला ३६-३७ पैसे. ऐकायला काहीच नाही. पण ग्रे कापडाच्या सौद्यात पंचवीस-पन्नास पैशांसाठी पार्टी तुटते, हे मार्केटमधल्या कोणत्याही दलालाला विचारा. शिवाय ड्युटी फक्त बाहेरच्या मालावर असली, तरी इथल्या कंपन्या आपला भाव बाहेरचा माल बंदरात उतरल्यावर किती पडतो ते बघूनच ठरवतात. म्हणून आयात न करणाऱ्या विणकरालाही झळ लागते.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. आयातीवर जो आयजीएसटी लागतो, तो ड्युटी धरून आलेल्या रकमेवर लागतो. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, अँटी डम्पिंग ड्युटीचं मिळत नाही. ती खर्चातच जाते.

१ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पीटीएवरची अँटी डम्पिंग ड्युटी काढत असल्याचं जाहीर केलं. दक्षिण कोरिया, थायलंडसह काही देशांच्या मालावर ती होती. कारण दिलं सार्वजनिक हिताचं: कापड उद्योगाला हा कच्चा माल जगाच्या भावात मिळाला पाहिजे. सुरतेच्या विणकरांची ही जुनी मागणी होती. पुढच्या वर्षी, १२ ऑगस्ट २०२१ ला, चीन आणि इंडोनेशियाच्या व्हिस्कोस स्टेपल फायबरवरची ड्युटीही गेली. ती २०१० पासून होती. इथे तर देशातला मोठा उत्पादक जवळजवळ एकटाच, ग्रासिम. मार्च २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच फायबरच्या विक्रीत वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळे भाव लावल्याबद्दल ग्रासिमला ३०१.६१ कोटींचा दंड ठोठावला होता (कंपनीने त्याला आव्हान दिलं). एकीकडे बाहेरच्या मालावर ड्युटी आणि दुसरीकडे आत एकच मोठा विकणारा, अशी स्थिती असेल तर सूतगिरण्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न इचलकरंजीपासून तमिळनाडूपर्यंत विचारला जात होता.

सरकार ड्युटी मनाला येईल तेव्हा काढू शकतं का?

विणकरांना आनंद झाला, पण कायद्याचा प्रश्न उरलाच. ड्युटी लावायला वर्षभर चौकशी लागते. मग काढायला एक भाषण पुरतं का?

हा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयात आला तो यार्नवरून नव्हे, स्टीलवरून. चीनच्या स्टेनलेस स्टीलच्या सपाट मालावर प्रतिपूरक शुल्क होतं. हे डम्पिंगच्या ड्युटीचं सख्खं भावंड. परदेशी सरकारने दिलेल्या अनुदानाविरुद्ध लावतात. केंद्राने ते आधी स्थगित केलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये काढून टाकलं. रिअलस्ट्रिप्स विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. सांगणं थोडक्यात असं, की चौकशीनंतर लावलेलं शुल्क मुदतीआधी काढायचं असेल तर आढावाही कायद्यात सांगितलेल्या वाटेनेच घ्या.

म्हणजे तोच तर्क यार्नला लावला तर? सुरतेच्या विणकरांना ज्या निर्णयाचा फायदा झाला, तशाच निर्णयाच्या पायावर हा निकाल घाव घालत होता. उत्पादकाला वाचवणारा निकाल इथे विणकराच्या अंगावर येऊ शकतो.

दुसरी बाजूही आहे. २०२० नंतर अर्थ मंत्रालयाने डीजीटीआरच्या बऱ्याच शिफारशी मान्यच केल्या नाहीत. काही वेळा तीन महिने नुसते निघून गेले, काही वेळा एक छोटं पत्र आलं. उत्पादक कंपन्या दिल्लीच्या न्यायाधिकरणात, म्हणजे सेस्टॅटमध्ये गेल्या. त्यातली एक ॲपकोटेक्स. तिचा एक कारखाना तळोज्याला आणि दुसरा भरूच जिल्ह्यातल्या वालियाला, म्हणजे तीही दोन्ही राज्यांची. विषय होता आयात कृत्रिम रबराचा. २०२२ मध्ये सेस्टॅटने म्हटलं की शिफारस नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे, पण कारणं द्यावी लागतील, आणि प्रकरण पुन्हा विचारासाठी परत पाठवलं.

यावर सरकारने काय केलं? २०२३ च्या वित्त कायद्याने कलम ९, ९ए आणि ९सी मध्ये बदल केले आणि ते १ जानेवारी १९९५ पासूनच लागू असल्याचं धरलं. २८ वर्षं मागे जाऊन. कायद्याचा हेतू पहिल्यापासून असाच होता, असं सरकारचं म्हणणं. कोर्टात हरलेला मुद्दा संसदेत सरळ करण्याची ही पद्धत करांच्या कायद्यात नवी नाही; पण त्यामुळे आज वकिलाला विचारलं तरी ‘२०२३ च्या आधीचा निकाल की नंतरचा’ हा प्रतिप्रश्न ऐकू येतो.

एका तारखेची किंमत

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक आयातदाराने माहीत करून घ्यावेत असे आहेत. दोन्ही तारखांचे.

पहिला जी. एम. एक्स्पोर्ट्सचा, २०१५ चा. चीन आणि संयुक्त अरब अमिरातीतून येणाऱ्या टाइल्सवर २००२ मध्ये तात्पुरती ड्युटी लागली. तिची सहा महिन्यांची मुदत संपली. अंतिम ड्युटी लागायला आणखी काही महिने गेले. या मधल्या काळात आलेल्या मालावर ड्युटी मागता येईल का? न्यायालय म्हणालं, नाही. तात्पुरती संपलेली आणि अंतिम न आलेली, अशा खिंडीत सापडलेल्या मालावर वसुली नाही.

दुसरा २०१७ चा, कुम्हो पेट्रोकेमिकल्स या कोरियन कंपनीचा. पाच वर्षांची मुदत संपत आली की उत्पादक आढावा मागतात, आणि आढावा चालू असताना ड्युटी आणखी एक वर्ष वाढवता येते. या प्रकरणात आढाव्याची सुरुवात मुदतीच्या आत झाली होती, पण मुदतवाढीची अधिसूचना मुदत संपल्यानंतर निघाली. न्यायालयाने ती धरली नाही. विझलेला दिवा ‘चालू ठेवा’ म्हणून चालू होत नाही, असा त्याचा साधा अर्थ.

सुरतेच्या यार्न व्यापाऱ्याला याचा उपयोग असा, की माल कधी निघाला यापेक्षा त्या दिवशी अधिसूचना जिवंत होती का, हे आधी बघायचं.

विणकराचं कोण ऐकतं?

चौकशीचा अर्ज उत्पादक करतात. नुकसान मोजतात तेही उत्पादकांचंच: विक्री, नफा, क्षमता किती वापरली, साठा किती पडून राहिला. विणकराचे माग बंद पडले तर ते ‘नुकसान’ या हिशोबात येत नाही. नियम ६ नुसार तो माल वापरणाऱ्या उद्योगांना आपली बाजू मांडता येते, आणि अलीकडे डीजीटीआर वापरकर्त्यांसाठी आर्थिक परिणामांची प्रश्नावलीही देतं. पण ती भरायला वर्षावर्षाचे खरेदीचे आकडे लागतात, खर्चाची फोड लागते. चोवीस माग असलेल्या माणसाकडे हे कुठून येणार? त्याचा हिशोब वहीत आणि डोक्यात. मग संघटना उतरतात. सुरतेत विणकरांच्या संघटना आणि दक्षिण गुजरात चेंबर ऑफ कॉमर्स हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. खान्देशात, मालेगावात, भिवंडीत माग भरपूर असूनही दिल्लीतल्या सुनावणीत आपला आकडा घेऊन जाणारं माणूस क्वचितच दिसतं, हे कबूल करायला हवं.

सुनावणीचा हक्क कोरडा नाही, हे न्यायालयांनी दोनदा ठणकावलं आहे. २०११ च्या ऑटोमोटिव्ह टायर मॅन्युफॅक्चरर्सच्या प्रकरणात सुनावणी एका अधिकाऱ्याने घेतली, बदलीनंतर निष्कर्ष दुसऱ्याने लिहिले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे अर्ध-न्यायिक काम आहे, ज्याने ऐकलं त्यानेच ठरवायचं. त्याआधी २००६ मध्ये रिलायन्सच्याच पीटीए प्रकरणात न्यायालयाने सांगितलं होतं की ‘गोपनीय’ असा शिक्का मारून आकडे संबंधित पक्षांपासून सरसकट दडवता येणार नाहीत. मागणी उत्पादक कंपनीची होती. पण दाखला आता कोणालाही देता येतो, विणकरांच्या संघटनेलाही.

बंदरावर काय होतं

आतापर्यंतचं भांडण धोरणाचं. खरी वसुली होते न्हावा शेवा, हजिरा, मुंद्रा इथे, बिल ऑफ एंट्रीवर. आणि इथे छोटे लोक अडकतात.

ड्युटी देशावर असते, मालाच्या वर्णनावर असते, आणि बऱ्याचदा उत्पादकाच्या नावावर असते. एकाच देशातल्या एका कंपनीच्या मालाला टनाला एक दर आणि दुसरीच्या मालाला दुसरा, कधी शून्यही. त्यामुळे वळणवाटा निघतात. माल तिसऱ्या देशातून फिरवून आणायचा, तिथला उगमाचा दाखला लावायचा. डेनियर किंवा वर्णन थोडं बदलायचं. उत्पादकाचं नाव कमी दराच्या कंपनीचं दाखवायचं. कायद्यात याला उत्तर आहे: कलम ९ए(१ए) खाली चौकशी करून ड्युटी त्या वळणवाटेवरही लावता येते. आणि खोटं सांगितलं असेल तर सीमाशुल्क कायद्याचं कलम २८. साधी चूक असेल तर दोन वर्षं मागे जाऊन मागणी, फसवणूक किंवा लपवाछपवी असेल तर पाच वर्षं, वर व्याज आणि दंड.

विशेष आर्थिक क्षेत्राचीही एक गंमत आहे. सुरतेजवळ सचिनला असं क्षेत्र आहे. तिथल्या युनिटने निर्यातीच्या कामासाठी आणलेल्या मालाला ही ड्युटी सहसा लागत नाही. पण तोच माल क्षेत्राबाहेर, देशी बाजारात आला की लागते. ‘सचिनचा माल आहे, क्लिअर आहे’ एवढ्या तोंडी भरवशावर यार्न घेणाऱ्याने कागद मागून बघावा.

दुसऱ्याच्या आयात-निर्यात कोडवर माल मागवण्याची पद्धत तर सर्रास. कोड एका पोराच्या नावावर, पैसे दुसऱ्याचे, माल तिसऱ्याचा. त्या पोराला महिन्याला थोडीफार रक्कम मिळते, नोटीस मात्र त्याच्याच घरी येते. सीमाशुल्क कायद्यात आता ‘आयातदार’ या शब्दात मालाचा खरा लाभार्थी मालकही येतो, त्यामुळे मागे बसलेला सुटतोच असं नाही. पण पहिला हिशोब कोडवाल्यालाच द्यावा लागतो.

या नोटिसा बऱ्याचदा डीआरआय, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालय काढतं. मार्च २०२१ मध्ये कॅनन इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डीआरआयचे अधिकारी कलम २८ खालची नोटीस काढायला योग्य अधिकारीच नाहीत. देशभर हजारो कोटींच्या मागण्या लटकल्या. अनेकांनी ‘सुटलो’ म्हणून फाइल कपाटात टाकली. ७ नोव्हेंबर २०२४ ला पुनर्विचारात न्यायालयाने तो निकाल फिरवला. डीआरआयला अधिकार आहे, असं ठरलं आणि कपाटातल्या फाइली पुन्हा टेबलावर आल्या. ज्यांच्याकडे २०२१ च्या आधीची नोटीस आहे त्यांनी ती शोधून ठेवलेली बरी.

अपील कुठे करायचं, हेही वादाच्या प्रकारावर ठरतं. ड्युटी लावण्याच्या निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत दिल्लीत सेस्टॅटकडे, कलम ९सी खाली. वसुलीच्या मागणीविरुद्ध मात्र आधी आयुक्त (अपील), मग सेस्टॅट. माल हजिऱ्याला उतरला असेल तर अहमदाबाद, न्हावा शेव्याला उतरला असेल तर मुंबई. अपील दाखल करतानाच मागणीच्या साडेसात टक्के भरावे लागतात, दुसऱ्या अपिलाला दहा. चाळीस लाखांची मागणी असेल तर पहिल्याच पायरीला तीन लाख. वकिलाची फी वेगळी. ही रक्कम मोठ्या कंपनीला जाणवत नाही. एका बीमच्या उधारीवर दुसरा बीम भरणाऱ्याला ती लढायचं की भरून टाकायचं हे ठरवायला पुरेशी असते.

दरम्यान ड्युटीच्या जागी दुसरंच हत्यार आलं होतं. पीटीए, एमईजी, पॉलिस्टर फायबर आणि यार्नवर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागले: परदेशी कारखान्याकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना नसेल तर माल आत नाही. उत्पादकांच्या मते ही निकृष्ट मालाला चाप, विणकरांच्या मते मागच्या दाराने आलेली ड्युटी. याला ना डम्पिंगचा पुरावा लागतो, ना नुकसानीचा, ना कलम ९सी खालचं अपील उपलब्ध. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने यांतले बरेच आदेश मागे घेतले. त्यामुळे बाहेरचा माल पुन्हा येऊ लागला, की उत्पादकांना डम्पिंगच्या अर्जासाठी डीजीटीआरचा तोच जुना दरवाजा ठोठावण्याची वाट मोकळी आहे.